पाच किलोच्या आत

बाळराव हसबनिसांनी वजन कमी करायचं ठरवलं आहे हे ऐकून सरलाताईंना धक्काच बसला, आणि तो आनंदाचा होता. गेली बारा वर्षं त्या हेच सांगत होत्या. पण तो आनंद चहा गाळून होईपर्यंतसुद्धा टिकला नाही. कमी करायचं होतं ते बाळरावांचं वजन नव्हे, त्यांच्या बॅगेचं. बाळराव स्वतः ब्याऐंशी किलोंवर होते आणि तिथेच राहणार होते.

बाळराव दिल्लीत एका सरकारी खात्यात सेक्शन ऑफिसर. घर गाझियाबादला, सातव्या मजल्यावर. वय चोपन्न. (या वयाच्या माणसाला नुसतं 'बाळ' म्हणायला लोकांची जीभ रेटत नाही, म्हणून 'राव' लावतात. सरलाताई 'अहो' म्हणून तो प्रश्नच निकालात काढतात.) माणूस सरळ, पापभीरू. घरात काही सांगितलं की 'हं' म्हणतात. त्या 'हं'चा अर्थ 'ऐकलं' असा नसतो, हे सरलाताईंना सव्वीस वर्षांत कळायला हवं होतं.

आता बॅगेचं प्रकरण कुठून आलं ते सांगतो. गाझियाबादचं मराठी स्नेहमंडळ दरवर्षी जानेवारीत दिल्लीच्या काश्मिरी गेटपासून पानिपतच्या काला अंबपर्यंत चालत जातं. चार दिवस, जवळजवळ शंभर किलोमीटर. चौदा तारखेला, लढाईच्या दिवशी, तिथे पोहोचायचं, स्मारकाच्या स्तंभाला हार घालायचा, दिवा लावायचा, तिळगूळ ठेवायचा. हे करायचा मान कुणाला, याचा मंडळाचा नियम पक्का आहे. सगळं अंतर पायी आणि आपलं ओझं आपल्या पाठीवर घेऊन जे येतील, त्यांच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सभासदाला. बाकीच्यांच्या सामानासाठी मागून एक टेम्पो येतो.

गेल्या वर्षी तो मान बाळरावांना मिळायचा होता. पाठीवर अकरा किलोंची बॅग होती. सरलाताईंनी भरलेली. तीत दोन स्वेटर, एक जादा स्वेटर, चिवडा, लाडू, गरम पाण्याची रबरी पिशवी आणि कुणी भेटलंच तर द्यायला म्हणून एक नारळ. वाटेवरच्या मुरथलपर्यंत बाळरावांनी ती रेटली. मुरथलला तीन पराठे खाल्ले, खाटेवर जरा पाठ टेकली, आणि उठले तेव्हा सगळे पुढे निघून गेले होते. मग काय, टेम्पोतून आले. काला अंबला मंडळाचे अध्यक्ष दिनकरराव दीडशे माणसांपुढे माइकवरून म्हणाले, "बाळराव आणि इतर सामान सुखरूप पोहोचलं, याचा आनंद आहे." लोक पोट धरून हसले. बाळरावही हसले. पण हसणाऱ्यांत त्यांची मुलगी तनयाही होती, आणि ते मात्र त्यांना फार लागलं. वर्षभर लागून राहिलं.

म्हणून यंदा मान मिळवायचाच, आणि तो तनयाच्या डोळ्यांदेखत, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

उपाय सांगितला संग्रामने. हा पुण्याहून नोएडाला आलेला आयटीतला तरुण, सुट्टी मिळाली की हिमालयात. तो म्हणाला, काका, माणूस चालून थकत नाही, ओझ्याने थकतो. एकेक ग्रॅम मोजा. पाणी धरून सगळं पाच किलोच्या आत बसवा आणि सुरुवात बॅगेपासून करा, रिकामी बॅगच दोन किलोंची असेल तर तुम्ही हरलात. बाळराव थक्क झाले. रिकाम्या बॅगेलाही वजन असतं, हा विचार चोपन्न वर्षांत त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

त्यांनी सरकारी पद्धतीने कामाला हात घातला. म्हणजे आधी फाइल उघडली. 'हलक्या बॅगेची खरेदी'. खात्यात साधी टाचणी घ्यायची तरी तीन ठिकाणची कोटेशनं मागवतात, तुलनात्मक तक्ता करतात आणि सगळ्यात कमी किंमतवाल्याला एल-वन म्हणून निवडतात. बाळरावांनी तीच रीत धरली, फक्त किमतीच्या रकान्यात वजन लिहिलं. तीन दुकानांसाठी पहाडगंजला जायचं ठरलं, आणि वजन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं म्हणून त्यांनी सरलाताईंचा केक करायचा छोटा वजनकाटा पिशवीत टाकला.

मेट्रोच्या तपासणीतच तो काटा मशीनमध्ये दिसला. जवानाने बाळरावांना बाजूला घेतलं. "ये क्या है?"

"तराजू है."

"क्या तोलना है?"

"बैग."

"बैग में क्या है?"

"कुछ नहीं. खाली बैग तोलना है."

जवानाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाळरावांना आपण खोटं बोलत असल्यासारखं वाटू लागलं. तेवढ्यात मागची रांग ओरडायला लागली म्हणून सुटका झाली.

पहाडगंजच्या दुकानदारांना त्यांचा प्रश्नच कळेना. एकाने पंचाहत्तर लिटरची अवाढव्य बॅग काढून सांगितलं, की हिच्यात अख्खं घर मावेल. बाळराव म्हणाले, मला घर सोडूनच जायचंय. दुसऱ्याने रिकाम्या बॅगेचं वजन विचारणारं गिऱ्हाईक तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याने शेजारच्या दोघा दुकानदारांना बोलावून बाळराव दाखवले. तरी बाळराव डगमगले नाहीत. प्रत्येक बॅग काउंटरवर ठेवलेल्या काट्यावर तोलायची, आकडा लिहायचा, दुकानदाराची सही घ्यायची. संध्याकाळी तक्ता तयार झाला. दोन बॅगा साडेचारशे आणि सहाशे ग्रॅमच्या आसपास होत्या, पण तिसऱ्या दुकानातली निळी बॅग अवघी नव्वद ग्रॅमची निघाली. बाळरावांच्या अंगावर काटाच आला. एल-वन निर्विवाद होता. ती बॅग घेऊन ते विजयी मुद्रेने घरी आले.

तनयाने ती उलटीपालटी करून पाहिली. बॅगेला पट्टे नव्हते.

"बाबा, हे बॅगचं रेनकव्हर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पाऊस आला की बॅगवर घालतात ते, यार. ही बॅगच नाहीये."

बाळराव मटकन सोफ्यावर बसले. (एल-वन रद्द करायला कारण लेखी द्यावं लागतं. त्यांनी ते त्या अवस्थेतही दिलं. 'पुरवठादाराने वस्तूऐवजी वस्तूचे आवरण पुरविले.') दुसऱ्या दिवशी जाऊन साडेचारशे ग्रॅमची करडी बॅग आणली. पातळ कापडाची, एकही कप्पा नसलेली. पाठीवर घेतली तर घेतल्यासारखी वाटेना. बाळरावांना ती अतोनात आवडली.

तिथून पुढे घरात जे सुरू झालं त्याला सरलाताई 'ग्रॅमगिरी' म्हणत. दिसेल ती वस्तू काट्यावर चढू लागली. टूथब्रशची दांडी करवतीने कापली, सहा ग्रॅम वाचले. टॉवेल मधोमध फाडला. फोन चार दिवस बंद ठेवायचा ठरवला, म्हणजे चार्जर न्यायला नको, पंच्याऐंशी ग्रॅम. नेलकटर अठरा ग्रॅमचं, चार दिवसांत नखं वाढून वाढून किती वाढतील, म्हणून तेही बाहेर. संग्रामने सांगितलं होतं की पक्के लोक कपड्यांची लेबलंसुद्धा कापून टाकतात. बाळरावांनी एके रविवारी कात्री घेऊन बनियनपासून मफलरपर्यंत प्रत्येक लेबल उडवलं. कापलेला एकही तुकडा फेकला नाही. लेखी हुकमाशिवाय काही नष्ट करायचं नाही, ही खात्याची शिस्त. सगळे तुकडे एका वाटीत घालून वाटी शोकेसमध्ये ठेवली, आणि घरी येईल त्याला ते ती दाखवू लागले. "दोनशे बारा ग्रॅम. एवढं ओझं आपण उगीच वागवत असतो. आता या बॅगेत माझ्या माहितीशिवाय एक ग्रॅमही जाऊ शकत नाही."

याच धामधुमीत एका संध्याकाळी सरलाताई मंडळाच्या बैठकीहून मलमलच्या कापडात बांधलेलं एक गाठोडं घेऊन आल्या. बाळराव तेव्हा दोन मोज्यांचं वेगवेगळं वजन करत होते. (डावा एक ग्रॅमने जास्त भरत होता आणि त्यांना ते सहन होत नव्हतं.)

"अहो, ऐकताय का? मंडळाचा मुकटा यंदा आपल्याकडे ठेवायला दिलाय. कपाटात वरच्या फळीवर ठेवतेय."

"हं."

"मुकटा म्हणजे?" तनयाने विचारलं. दिल्लीत वाढलेली पोर, तिला असले शब्द कुठून माहीत असणार. सरलाताईंनी समजावलं, की मुकटा म्हणजे पूजेला सोवळ्यात नेसायचं रेशमी वस्त्र. मंडळाच्या संस्थापकांनी येवल्याहून खास विणून आणलेला हा मुकटा नेसूनच मानकरी काला अंबला हार घालतो. पन्नास वर्षांचा आहे. एक धागा जरी ओढला गेला तरी मंडळात तोंड दाखवायला जागा राहायची नाही.

"हं," बाळराव पुन्हा म्हणाले, आणि उजव्या मोज्याकडे वळले.

आता एकच पेच उरला होता. वाटेतल्या धर्मशाळांमध्ये रजया मिळतात, पण त्या कुणाकुणाच्या अंगावरच्या, तेव्हा नुसत्या पांघरू नका, असं सरलाताईंनी बजावलं होतं. घरून चादर न्यावी तर ती सातशे चाळीस ग्रॅम. संग्राम म्हणाला, रेशमी आतली पिशवी मिळते, काका. माणूस पिशवीत शिरतो आणि वरून रजई घेतो. हलकी, उबदार. तिची किंमत ऐकून बाळरावांना जो धक्का बसला तो दोन दिवस ओसरला नाही. आणि तिसऱ्या दिवशी त्यांना आठवलं, की आपल्या लग्नातला रेशमी मुकटा कपाटात पडून आहे.

तो पडून नव्हता. आठ वर्षांपूर्वी सरलाताईंनी त्याचा गौरींच्या आराशीसाठी पडदा शिवला होता. तसं त्यांनी बाळरावांना सांगितलंही होतं, आणि बाळराव 'हं' म्हणाले होते.

घरात कुणी नसताना बाळरावांनी कपाट उघडलं. वरच्या फळीवर मलमलचं गाठोडं, आत रेशमी मुकटा. लग्नाच्या मानाने रंग जरा वेगळा वाटला, पण लग्नात त्यांचं लक्ष मुकट्याकडे नव्हतं. वजन केलं, दोनशे ऐंशी ग्रॅम. त्यांना गहिवरून आलं. एका कोपऱ्यात कसलंसं कापडी लेबल शिवलेलं होतं. चष्मा दुसऱ्या खोलीत होता. त्यांनी सवयीने लेबल कापलं, वाटीत टाकलं, मलमलचं कापड पुन्हा छान गोल बांधून फळीवर ठेवलं आणि मुकटा घेऊन सोसायटीच्या गेटबाहेर मशीन मांडून बसणाऱ्या मास्टरजींकडे गेले.

मास्टरजींनी रेशमावरून हात फिरवला. "साहब, ये तो पूजा का लगता है."

"मेरी शादी का है, मास्टरजी. अब इसमें सोना है."

मास्टरजींनी करुणेने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. बाळरावांनी सांगितलं, कापायचं अजिबात नाही, दुमडून नुसत्या दोन्ही बाजू शिवायच्या आणि पायांकडे निमुळती करायची, म्हणजे ऊब टिकते. मास्टरजींनी तसंच केलं. वर आपल्या पदरचं म्हणून पायाशी लाल चौकड्यांच्या ब्लँकेटचा एक तुकडा जोडला. "पैर गरम रहेंगे. और डबल सिलाई मारी है, नायलॉन का धागा. आप फट जाओगे, ये नहीं फटेगा." त्या तुकड्याने पन्नास ग्रॅम वाढले होते, पण इतक्या प्रेमाने दिलेलं नाही कसं म्हणणार? निघायच्या आदल्या दिवशी भरलेल्या बॅगेचं शेवटचं वजन झालं. चार किलो नऊशे नव्वद ग्रॅम. बाळरावांनी आकड्याचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि फोन बंद केला.

आणि खरं सांगायचं तर बाळराव चालले. मुरथलला त्यांनी पराठ्यांकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. धुक्यात चालले, ट्रकांच्या धुरात चालले, समालख्याच्या पुढे टाचेला फोड आला तरी चालले. रात्री रेशमी पिशवीत शिरून असे झोपत की शेजारच्यांना हेवा वाटावा. चौथ्या दिवशी सकाळी काला अंबच्या फाटकातून पाठीवर बॅग घेऊन ते आत आले तेव्हा खुद्द दिनकररावांनी टाळ्या वाजवल्या. बसने आलेल्या मंडळींत तनया उभी होती. ती धावत आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही ग्रेट आहात." बाळरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभराचं सगळं भरून निघालं.

मग त्यांना सरलाताई दिसल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्यांनी बाळरावांना दंडाला धरून बसच्या मागे नेलं. "पहाटेपासून फोन करतेय. बंद का ठेवलात?"

"चार्जर पंच्याऐंशी ग्रॅम—"

"तुमची ती झोपायची पिशवी कुठे आहे?"

बाळरावांना वाटलं बायको आपली काळजी करते आहे. त्यांनी कौतुकाने पिशवी काढून दाखवली. सरलाताईंनी मुकाट्याने पर्समधून एक कापडी चिठ्ठी काढून त्यांच्या हातावर ठेवली. पहाटे गाठोडं रिकामं निघालं तेव्हा शोकेसमधल्या वाटीत सापडलेली. आता बाळरावांच्या डोळ्यांवर चष्मा होता. चिठ्ठीवर रेशमी दोऱ्याने विणलं होतं, 'मराठी स्नेहमंडळ, गाझियाबाद'.

चार दिवस आपण काय पांघरून घोरत होतो हे त्यांच्या हळूहळू लक्षात येत गेलं, आणि जसजसं लक्षात येत गेलं तसतसे ते बसच्या चाकाला टेकून खाली खाली सरकत गेले. सरलाताईंनी त्यांना उठवलं. रडायला वेळ नव्हता. माइकवरून दिनकरराव सांगत होते, की आपले मानकरी मुकटा नेसून दहा मिनिटांत येत आहेत.

शिवण उसवावी तर कात्री नाही. मागावी तर कुणाकडे? कशाला हवी, हा पुढचा प्रश्न आलाच असता. बाळरावांनी दातांनी प्रयत्न केला. मास्टरजींचा धागा जसाच्या तसा राहिला, दाढ मात्र ठणकायला लागली. मग सरलाताईंनी पिशवी तशीच आडवी धरून लुंगीसारखी गुंडाळून पाहिली. लाल चौकड्यांचं ब्लँकेट बरोबर पोटावर आलं. फिरवली तर पाठीमागे गेलं, आणि पाठीमागे तर सगळं मंडळ उभं राहणार. आत दुमडलं तर शेपूट असल्यासारखं दिसायला लागलं. तो तुकडा लपवायला साऱ्या देहात एकच जागा उरत होती, ती म्हणजे तळपायांखाली.

"आत शिरा," सरलाताई म्हणाल्या.

"अगं, मग चालू कसा?"

"ते शिवायच्या आधी विचारायला हवं होतंत."

बाळराव उभे पिशवीत शिरले. सरलाताईंनी वरचा भाग गोळा करून कमरेला घट्ट बांधला, पुढे सुरेख निऱ्या काढल्या, काठ सारखा केला, खांद्यावर शाल टाकली. समोरून पाहणाऱ्याला अगदी मुकटा नेसलेला मानकरी दिसत होता. फक्त आत दोन्ही पावलं एका वितीत कोंबलेली होती. बाळरावांनी चालून पाहिलं. एका वेळेस चार बोटं पुढे सरकता येत होतं.

बसपासून स्तंभापर्यंत साठ-सत्तर पावलं असतील. हातात हार घेऊन बाळराव निघाले. चार बोटं, थांबा. चार बोटं, थांबा. दीडशे माणसं आधी नुसती बघत राहिली. मग कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, पाय गेले बिचाऱ्यांचे. पण दिनकररावांना वेगळंच वाटलं. त्यांचा आवाज माइकवर एकदम भरून आला. ते म्हणाले, की इथे ज्यांनी देह ठेवला त्यांच्या मातीवर आपण दरवर्षी धाडधाड चालत जातो, आणि हा माणूस बघा, पावलाला पाऊल लावून जातोय. हे ऐकून मागचे लोकही चार-चार बोटं सरकायला लागले. सगळं मंडळ तसंच सरकत सरकत येतंय हे बाळरावांनी मान वळवून पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. जानेवारीतल्या पानिपतमध्ये घाम.

आणि मग पायऱ्या आल्या. तीनच होत्या, पण पिशवीत असलेल्या माणसाला तीन म्हणजे पुष्कळ. बाळराव पहिल्या पायरीपाशी उभे राहिले. मागे दीडशे माणसं श्वास रोखून उभी. त्यांनी सरलाताईंकडे पाहिलं. सरलाताईंनी डोळे मिटून घेतले. तनयाने फोन वर धरला होता, व्हिडिओ चालू. परतायला मार्ग नव्हता. बाळरावांनी हार छातीशी धरला, गुडघे वाकवले आणि दोन्ही पाय जोडून उडी मारली.

काला अंबला त्या क्षणी जी शांतता पसरली, तशी दीडशे मराठी माणसं एकत्र असताना सहसा पसरत नाही. ब्याऐंशी किलोंचा एक सेक्शन ऑफिसर शाल सावरत जोडपावलांनी पायरीवर चढला होता. लोकांनी आ वासले ते वासलेलेच राहिले. दुसरी उडी. तिसऱ्या उडीला ते जरा कलंडले, पण हाराने तोल सावरला. स्तंभाला हार घातला, दिवा लावला, तिळगूळ ठेवला. पुढे भाषणात बाळरावांना दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा ते एवढंच म्हणाले की माझी बॅग पाच किलोच्या आत होती. टाळ्या काही केल्या थांबेनात.

संध्याकाळी घरी आल्यावर तिघंही दार लावून बसले. मुकटा धड होता, नुसती शिवण उसवली की झालं. पोट भरून हसावं की रडावं हे सरलाताईंना ठरवता येत नव्हतं. तेवढ्यात ग्रुपवर दिनकररावांचा मेसेज आला. पुढच्या वर्षीपासून मानकऱ्याने शेवटचं अंतर बाळरावांप्रमाणे पावलाला पाऊल लावून जावं आणि पायऱ्या जोडपावलांनी चढाव्यात, असा ठराव कार्यकारिणीने एकमताने केला होता. खाली संग्रामने विचारलं होतं, काका, प्रॅक्टिस कधीपासून करायची? बाळरावांनी फोन उलटा करून ठेवला.

"अगं, कात्री दे ना," ते सरलाताईंना म्हणाले.

"कात्री कशाला, बाबा?" तनया म्हणाली. "नेलकटरला छोटी सुरी असते ना, त्याने पटकन उसवेल."

"ते मी काढून ठेवलंय. अठरा ग्रॅम होतं. शोकेसमध्ये बघ."

तनया उठली नाही. तिने कोपऱ्यातली करडी बॅग ओढली, तळातून चार दिवस न उघडलेला रेनकोट काढला, घडी झटकली. नेलकटर टणकन फरशीवर पडलं.

"मीच टाकलं होतं, निघायच्या सकाळी," ती म्हणाली. "म्हटलं, बाबांना लागलं तर. तुम्हाला कळलंच नाही?"

बाळरावांनी फाइल उघडली, शेवटच्या पानावरच्या चार किलो नऊशे नव्वदखाली अठरा लिहिले, बेरीज केली, आणि पाच किलो आठ ग्रॅम या आकड्यापुढे मुकाट्याने सही केली.